आयुष्यभराची सोय

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
२४ ऑक्टोबर २०२४

प्रिय अनीश,
अनेक आशीर्वाद.

आईंची पेटी मंगळवारी सुखरूप पोचली. आसावरीने ती दोन रजयांत अशी गुंडाळली होती की नुसती सोडवायलाच मला अर्धा तास लागला. बायको हुशार आहे तुझी, तिला सांग. पेटी मात्र थकली आहे. भात्याचं कातडं कुजलंय, मधल्या सप्तकातले चार रीड मुके आहेत, आणि नागपूरची पन्नास वर्षं सोसलेलं लाकूड तुझ्या अ‍ॅशबर्नच्या तळघरात एका हिवाळ्यात सांध्यांमधून सुटलंय. काळजी करू नकोस. जूनमध्ये आईंना जाऊन दोन वर्षं होतील, त्या दिवशी तू ती वाजवशील. हा माझा शब्द.

अडचण एकच आहे, थंडी. घरामागचं ते सुटं गॅरेज तुला माहीतच आहे. रटगर्स युनिव्हर्सिटीत असताना दोन वर्षं तू तिथे तुझ्या त्या खटारा गाडीखाली झोपलेला असायचास. सकाळी आत पंचेचाळीस डिग्री फॅरनहाइट असते. तेवढ्यात सरस धरत नाही. विजेचा हीटर लावला की ब्रेकर उडतो आणि आमच्या गल्लीत गॅसची लाइन नाही. म्हणून मागच्या महिन्यात मी एका गॅरेज सेलमधून बार्बेक्यूच्या सिलिंडरवर चालणारा एक प्रोपेन हीटर उचलून आणला.

आता पुढचं फक्त तुझ्यासाठी. गेल्या गुरुवारी मी दाराखालच्या फटीत जुनी गोधडी कोंबली, हीटर लावला आणि दुसऱ्या एका पेटीचे रीड घासत बसलो. तासाभराने डोकं जड झालं. उठायला गेलो तर पाय माझे नव्हतेच. कसाबसा दार ढकलून गवतावर जाऊन बसलो. भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे रे, पण त्याची बॅटरी मी सूर जुळवायच्या ट्यूनरला घातली होती. चाळीस वर्षं कारखान्यात इतरांना सेफ्टी शिकवली आणि हे करून बसलो. लाज वाटते, म्हणूनच लिहितोय.

शोभनाला यातलं अक्षर कळता कामा नये. ती गॅरेजला कुलूप लावेल, आणि मग मी दिवसभर घरात बसून काय करू? टीव्हीसमोर बसून म्हातारा व्हायची मला हौस नाही.

फोनवर हे बोललो नाही कारण फोनवर मला अर्धंच ऐकू येतं. डॉक्टर म्हणतात, माझ्या कानातून व्यंजनं गळतात, सूर राहतात. पेटीला ते चालतं. आणि ईमेलचं खातं आमचं दोघांचं एकच. तेव्हा आपली पत्रंच बरी, तू सातवीत असल्यापासून चालत आलेली.

मागच्या बाजूला गॅरेजचा नकाशा मापांसकट काढला आहे. डेटा सेंटरमध्ये तू दिवसभर हवा थंड करतोस, आता मेहुण्यासाठी थोडी गरम करून दे. कुठला हीटर घेऊ, ते सांग.

तुझा,
भाऊजी


अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
२८ ऑक्टोबर २०२४

आदरणीय भाऊजी,
सा. न.

पत्र आत्ताच वाचलं. तुम्ही दुसऱ्या कोणाचे भाऊजी असता तर मी आत्ताच्या आत्ता फोन करून ओरडलो असतो. तो हीटर आजच बाहेर काढा. सिलिंडर घराच्या बाहेर, सावलीत, उभा ठेवा. अलार्ममध्ये नवी बॅटरी घाला आणि ट्यूनरला वेगळी आणा, एवढी कृपा करा.

बंद जागेत असा हीटर जळतो तेव्हा धूर दिसत नाही, वास येत नाही. माणूस दमलो म्हणून डोळे मिटतो, संपलं. शिवाय प्रोपेन जळताना पाण्याची वाफ सोडतो. ती तुमच्या लाकडात आणि रीडवर बसते. तुम्ही पेटी वाचवायला जे लावलंत ते पेटीलाही खाणार होतं.

ताईला सांगत नाही. माझ्यावर सोडा. तुमचं माझं आजवरचं काही तिसऱ्याकडे गेलंय का?

भाऊबीजेला तीन तारखेला येतोच आहे. नकाशा बरोबर आणतो, एकदा स्वतः मापं ताडून बघतो, मग ठरवू. तोपर्यंत स्वेटर दोन घाला आणि दार उघडं ठेवा.

तुमचा,
अनीश


पिस्कॅटवे
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय अनीश,
अनेक आशीर्वाद.

भाऊबीज छान झाली. तू गेल्यापासून शोभना वेगळीच वागते आहे. हीटरचा विषय मी भीतभीत काढला. म्हटलं, आता गॅरेज आणि माझा खोकला यावर प्रवचन होणार. तर म्हणते, "घ्या की. चांगला घ्या, पक्का घ्या. अनीश म्हणेल तो घ्या." एवढंच नाही, गॅरेजच्या मागच्या भिंतीशी तिचे जे अकरा खोके पंचवीस वर्षं पडून होते, नैनाच्या शाळेच्या वह्यांपासून, ते सगळे तिने स्वतः बसून निवडले आणि निम्मे टाकून दिले. मी खोक्याला हात लावला तर पूर्वी घर डोक्यावर घ्यायची. काय जादू केलीस बहिणीवर? की म्हातारपणी तिलाही माझी पेटी आवडू लागली?

असो. मी थोडा अभ्यास केला. तीन प्रकार दिसतात. एक, तसलाच सुटा हीटर पण चांगल्या बनावटीचा, सेन्सरवाला. खिडकी उघडी ठेवून वापरायचा. दुसरा छताला टांगायचा, पंखेवाला. तो लाकडाचा भुसा सगळीकडे उडवणार आणि ओल्या सरसावर बसवणार. तिसरा भिंतीत बसवायचा, त्याची हवा बाहेरून येते आणि धूरही बाहेर जातो. तिसरा मला पटतो, पण त्याला भिंत फोडायची, बाहेर टाकी बसवायची, टाउनशिपचं परमिट काढायचं. नैना हल्ली सारखी, बाबा, जर्सी सिटीला या, माझ्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट रिकामा होतोय, असं म्हणत असते. मी हसण्यावारी नेतो. पण उद्या खरंच कधी हलायची वेळ आली तर सुटा हीटर उचलून नेता येईल, भिंतीतला नाही. तुझं काय मत? खरं सांग.

तुझा,
भाऊजी


अ‍ॅशबर्न
१८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय भाऊजी,
सा. न.

तिसराच. डोळे मिटून तिसराच घ्या.

कारणं सांगतो. त्यात ज्योत बंद डब्यात असते. खोलीतल्या हवेशी तिचा संबंध नाही. भिंतीतून एक पाइप जातो, पाइपात पाइप. बाहेरच्यातून ताजी हवा आत येते, आतल्यातून धूर बाहेर जातो. त्यामुळे मोनॉक्साइडची भीती नाही, वाफ नाही, भुसा ज्योतीपर्यंत पोचत नाही. तुमच्या मापांना पंचवीस हजार बीटीयूची ताकद पुरे, त्याहून मोठा घेऊ नका. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून हीटर जमिनीपासून दीड फूट वर बसवा. लाइन परवानाधारक प्लंबरकडूनच. परमिट काढाच, ते टाळू नका. इन्स्पेक्शन झाल्यावरचे सगळे कागद नीट फाइलला लावा आणि काम झाल्यावर फोटो काढून ठेवा.

आणि हलायचं काय काढलंत मधेच? कुठे हलणार आहात तुम्ही? सुटा हीटर म्हणजे पुन्हा दर हिवाळ्यात तीच धाकधूक. भिंतीत पक्का बसवा. आयुष्यभराची सोय होईल.

तुमचा,
अनीश


पिस्कॅटवे
१४ जानेवारी २०२५

प्रिय अनीश,
अनेक आशीर्वाद.

बसला! तुझा हीटर भिंतीत बसला, पेटला, आणि मी हे पत्र गॅरेजमध्ये, बाकावर, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात लिहितो आहे. बाहेर एकोणीस डिग्री आहे.

सगळं तू सांगितलंस तसं. मी स्वतः आधी भिंतींत इन्सुलेशन भरलं, दाराच्या खाली रबराची पट्टी लावली. गोधडी धुऊन परत कपाटात गेली. टाकी कुंपणापाशी उभी आहे. प्लंबर मोठा कडक माणूस निघाला. लाइनमध्ये हवा भरून काट्याकडे बघत बसला आणि मला बोलूही देईना. मग प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून फुगे येतात का ते बघितलं. मी त्याला म्हटलं, भात्याला भोक असलं की आम्हीही असंच शोधतो. त्याला काही कळलं नाही, पण हसला. इन्स्पेक्टर आला, अलार्मचं बटण दाबून बघितलं, सही करून गेला. अलार्म वाजला तेव्हा मला तुझी आठवण झाली.

सरस आता बोटाला चिकटतो तसा चिकटतो. आईंच्या पेटीचे सांधे भरले, भात्याला नवं कातडं लावलं. चारपैकी तीन रीड बोलू लागले आहेत.

आणि एक गंमत. शोभना हल्ली दुपारचा चहा घेऊन गॅरेजमध्ये येते. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, कधी आली नव्हती. काल तिथल्या खुर्चीवर बसून बराच वेळ भिंतींकडे, हत्यारांकडे बघत होती. मी आईंच्या पेटीवर सा धरला तर तिचे डोळे भरून आले. मी म्हटलं, आईची आठवण आली का? तिने माझ्या शर्टावरचा भुसा झटकला आणि कप घेऊन गेली. अनीश, मला वाटतं या वयात आम्ही पुन्हा एकमेकांना सापडतो आहोत. तुझ्याशिवाय हे कोणाला लिहिणार? या हीटरने मला नुसती ऊब दिली नाही, बायकोही दिली परत.

याबद्दल तुझे उपकार मानतो. हसू नकोस, मनापासून लिहितोय.

तुझा,
भाऊजी


अ‍ॅशबर्न
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय भाऊजी,
सा. न.

तुमचं पत्र मिळून तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कामाचा ताण होता. हीटर नीट चालतोय हे वाचून बरं वाटलं. उपकार वगैरे कृपा करून लिहू नका.

आईची पेटी मार्चअखेर होईल का? जूनपर्यंत कशाला थांबायचं? तुमची इतरही जी कामं लोकांची पडली आहेत ती या दोन महिन्यांत उरकून घ्या असं मला वाटतं. नवीन घेऊ नका. तुमच्या तब्येतीच्या दृष्टीने म्हणतोय.

ताईशी जरा सबुरीने वागा. ती बोलत नाही, पण तिचा जीव तुमच्यात आहे.

तुमचा,
अनीश


पिस्कॅटवे
९ एप्रिल २०२५

अनीश,

आज बुधवार. दर बुधवारी मी सकाळी एडिसनला मराठी मंडळाच्या पेट्या बघायला जातो, हे तुला माहीत आहे. आज हॉलची किल्ली ज्याच्याकडे असते तो आला नाही, म्हणून तासाभरात परतलो. घराच्या ड्राइव्हवेत अनोळखी गाडी. गॅरेजचं दार उघडं. आत एक माणूस मोठा कॅमेरा लावून माझ्या बाकाचे फोटो काढतोय, आणि त्याच्याबरोबर शुभाची अनिका. मंडळातली आमची शुभा. तिची ही मुलगी इथेच जन्मली, आता घरं विकण्याचा व्यवसाय करते. लहानपणी गणपतीत माझ्या मांडीवर बसून मोदक खायची.

मला बघून ती जरा दचकली, मग हसली. "काका! काकू सेड यू वुड बी इन एडिसन." तिची समजूत होती की मला सगळं ठाऊक आहे, फक्त फोटोच्या वेळी मधे लुडबुड नको म्हणून मला बाहेर पाठवलंय. तिने मोठ्या कौतुकाने मला जाहिरात वाचून दाखवली. तीन बेडरूम, मोठं परस, आणि मग, "हीटेड वर्कशॉप, काका! न्यू डायरेक्ट-व्हेंट प्रोपेन हीटर, परमिट क्लोज्ड. बायर्स लव्ह दॅट. यू डिड सच अ गुड जॉब."

मी म्हटलं, मापं कुठून मिळाली तुला? ती म्हणाली, काकूंनी दिली, आणि फाइलमधून एक कागद काढला.

माझा नकाशा. पेन्सिलीने काढलेला, दाराजवळ चहाच्या कपाचा गोल डाग असलेला. तो मी जगात एकाच माणसाला पाठवला होता.

तिने कागद उलटा केला. मागे माझं अक्षर. तुला मराठी वाचता येत नाही ना गं, मी विचारलं. "नो काका, जस्ट स्पीकिंग, थोडं थोडं. हे काय आहे? इज धिस लाइक, द वॉरंटी?" मी म्हटलं, हो, वॉरंटीच होती. ती संपली.

"शोभनाला यातलं अक्षर कळता कामा नये." हे वाक्य त्या पोरीच्या अंगठ्याखाली होतं, अनीश.

शोभना डेंटिस्टकडून आली तेव्हा मी कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. ती रडली. म्हणाली, नोव्हेंबरपासून तिचं आणि नैनाचं ठरलंय, जर्सी सिटीचा फ्लॅट, एकविसावा मजला. मला ऐनवेळी सांगणार होते, कारण मी आधी ऐकलं नसतं. खरंच नसतं ऐकलं. तिच्याशी मी भांडलो, अजून भांडेन. तिचं मला कळतं तरी.

तुझं कळत नाही. मी तुला विचारलं होतं, सुटा की भिंतीतला? हलायची वेळ आली तर? खरं सांग, असंही लिहिलं होतं. तेव्हा तुला सगळं माहीत होतं. आणि तू लिहिलंस, "कुठे हलणार आहात तुम्ही?" तू लिहिलंस, "आयुष्यभराची सोय होईल." मी मूर्खासारखा भिंतींत इन्सुलेशन भरत बसलो. रबराच्या पट्ट्या लावल्या. कोणासाठी? येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी. आणि वर तुझे उपकार मानले. माझी बायको गॅरेज शेवटचं बघून घेत होती, आणि मी तुला कळवलं की आम्ही एकमेकांना सापडतो आहोत. ते वाचून तू तीन आठवडे गप्प बसलास, आणि मग काय लिहिलंस तर, पेटी मार्चअखेर करा.

कागदपत्रांवर माझी सही लागते. ती मी अजून केलेली नाही.

मला फक्त एक कळव. माझं पत्र तू शोभनाच्या हातात कसं दिलंस? पोस्टाने, की स्वतः?

विनय


अ‍ॅशबर्न
१५ एप्रिल २०२५

आदरणीय भाऊजी,

स्वतः दिलं.

भाऊबीजेला ताईने ओवाळलं. मी तबकात पाकीट ठेवायला गेलो तर तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, "पाकीट नको. या वर्षी मला ओवाळणीत एक खरी गोष्ट घाल. यांना काय होतंय?" तिने त्या गुरुवारी तुम्हाला खिडकीतून पाहिलं होतं भाऊजी, गवतावर डोकं धरून बसलेले. तुम्ही आत येऊन तिला सांगितलं की ऊन खात होतो. तेव्हापासून तिला झोप नव्हती. तिला वाटलं, तुम्हाला मोठा आजार आहे आणि तुम्ही लपवताय.

तुमचं पत्र माझ्या कोटाच्या खिशात होतं, नकाशासाठी आणलेलं. तोंडाने मी सांगू शकलो नसतो, तुम्हाला शब्द दिला होता. ताट हातात घेऊन ती उभी होती, निरांजन जळत होतं, आणि भाऊबीजेच्या ताटाला नाही म्हणणं मला जमलं नाही. मी पत्र तबकात ठेवलं. तोंडाने सांगितलं नाही, म्हणून शब्द मोडला नाही, अशी मी तेव्हा स्वतःची समजूत घातली. किती पोरकट, ते लिहिताना आत्ता कळतंय.

चार दिवसांनी तिचा फोन आला. घर वसंतात विकायचं, तुम्हाला एवढ्यात सांगायचं नाही. मी म्हटलं, हिवाळा कसा काढायचा? भाऊजी काम थांबवणार नाहीत. ती म्हणाली, तूच काहीतरी सुरक्षित बसवून घे त्यांच्याकडून. आणि मग तिने विचारलं, घर विकायला कुठला बरा?

भाऊजी, तुमच्या जिवासाठी कुठला बरा आणि घर विकायला कुठला बरा, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच होतं. तिसरा. त्या एका गोष्टीचा आधार घेऊन मी स्वतःला सोडवून घेतलं. सल्ला खरा होता. आज कोणीही विचारलं तरी तोच देईन. पण "आयुष्यभराची सोय" हे खोटं होतं. ते लिहिताना हात थांबला होता. तुम्ही पुन्हा सुटा हीटर लावाल या भीतीने लिहिलं, आणि थोडं यासाठीही की तुम्ही हलण्याबद्दल पुन्हा विचारू नये.

मी या देशात उतरलो तेव्हा माझ्या हातात तुमचा पत्ता होता, दुसरं काही नव्हतं. तुम्ही गॅरेजची किल्ली दिलीत आणि म्हणालात, इथे तुला कोणी काही विचारणार नाही. तेच गॅरेज मी विकायला लावलं. मला माफ करा असं म्हणायचा हक्क मला नाही, तरी म्हणतो. मी येतो. तुम्ही म्हणाल त्या दिवशी येतो, बोला, मारा, पण उत्तर द्या.

तुमचाच,
अनीश


पिस्कॅटवे
२० मे २०२५

अनीश,

येऊ नकोस.

सही मी परवा केली. शोभनासाठी केली. ती मला खिडकीतून बघत होती हे मला माहीत नव्हतं, आणि ऊन खात होतो असं मी तिला सांगितलं होतं हेही मी विसरलो होतो. खोटं आधी मीच बोललो, तेव्हा तिच्यावर फार रागावायला मला जागा नाही. आम्ही दोघं एकविसाव्या मजल्यावर राहायला जाणार. तिथे प्रोपेन चालत नाही, सरस उकळलेला चालत नाही, आणि दुपारी दोन तासांपेक्षा जास्त पेटी वाजवलेली चालत नाही. नैनाने नियमांचा कागद दाखवला.

तुझं पत्र तीनदा वाचलं. ताटाला नाही म्हणता आलं नाही, हे मी समजू शकतो. बहीण होती. तिथपर्यंत मी तुला माफ केलं, अगदी खरं. पण भाऊबीज एक दिवसाची असते. अठरा नोव्हेंबरला तुझ्यासमोर कोणी ताट धरून उभं नव्हतं. तू एकटा होतास, समोर कागद होता, आणि मी विचारलं होतं. दोन प्रश्नांचं उत्तर एकच निघालं म्हणतोस. असेल. पण तू कोणाच्या प्रश्नाचं उत्तर लिहितो आहेस, तेवढं मला सांगायचं होतंस. मी तरीही तिसराच घेतला असता. शोभनासाठी, सहा महिन्यांसाठी, सगळं कळून घेतला असता. आणि मग तो माझा हीटर झाला असता.

तो उत्तम चालला, हेही सांगतो. एक दिवसही त्रास दिला नाही. येणाऱ्यांसाठी बाकावर कागद लिहून ठेवला आहे: गॅसचा कॉक कुठे, टाकीवरचा काटा किती खाली आला की भरायला सांगायचं, दरवर्षी बाहेरच्या पाइपाच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं बघायचं. खाली लिहिलं आहे, अलार्मची बॅटरी दुसऱ्या कशाला वापरू नये.

आईंची पेटी झाली. चौथ्या रीडने फार छळलं, पण आला सुरात. सगळे सूर मी दोनदा तपासले. त्यात कुठेही हात राखलेला नाही. आईंची पेटी आहे, आणि शब्द दिला होता. नैना या शनिवारी अ‍ॅशबर्नला कामासाठी येते आहे, ती गाडीतून आणून देईल. जूनमध्ये वाजव.

पेटीच्या खोक्यात, रजईच्या खाली, तुझी पत्रं आहेत. सातवीतल्या पहिल्या पत्रापासूनची, बिस्किटांच्या डब्यात ठेवलेली. नवीन घरात कपाटं लहान आहेत. एवढंच कारण लिहिणार होतो, पण आता खोटं पुरे. ती मला पुन्हा वाचवत नाहीत. कुठल्या वाक्याच्या मागे कोण उभं असेल, असं वाटत राहतं.

यापुढे काही कळवायचं झालं तर फोन कर. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं. तेवढं पुरे आहे.

विनय